ऐन, अर्जुन आणि त्यांचे भाऊबंद



वसंतात आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या जंगलाविषयी बोलायचे म्हटले की पळस, सावर, पांगारा, बहावा ही मंडळी आपण होऊन पुढे येतात. त्यांची फुले तशी आहेतच की कोणी बोलाविले नाही तरी त्यांना पाहावे लागते. आज मात्र आम्ही अशा झाडांविषयी बोलणार आहो, ज्यांच्या फुलांकडे कोणी मान वर करून पाहिले नसेल. ह्या फुलांना पाकळ्याच नसतात. मळकट पिवळसर, ज्वारीच्या दाण्यापेक्षाही लहान अशी ती फुले बारीक तुऱ्यांवर चिकटलेली असतात. मोहाच्या फुलासारखी ती वेचून आणता येत नाहीत, आणि पळसासारखा त्यांचा रंगही निघत नाही. तरीसुद्धा ही झाडे आपल्या जंगलाच्या निम्म्याशिम्म्या संसाराचे ओझे वाहतात, असे आमचे मत आहे. आणि त्यांचे वर्गीकरण कोणी कसे केले, त्यावर त्यांचे जगणेमरणे ठरत आले आहे. हेच आज आपल्यासमोर मांडायचे आहे.

जंगल दूर राहो. आधी आपल्या घरातच पाहू. बाळंतिणीसाठी डिंकाचे लाडू करतात. त्यासाठी वाणी जो चांगला डिंक म्हणून देतो तो बहुधा धावड्याचा. फडताळात त्रिफळा चूर्णाची बाटली असते. तीन फळांपैकी आवळा वेगळ्या कुळातला, परंतु हिरडा आणि बेहडा हे सख्खे नातलग. वडील माणसांच्या छातीच्या दुखण्यावर वैद्य अर्जुनाची साल सांगतो. लग्नातले करवती काठाचे कोसा लुगडे पेटीच्या तळाशी असते. तो कोसा ज्या किड्याने विणला तो किडा ऐनाच्या किंवा अर्जुनाच्या पाल्यावर वाढलेला. लाडू, चूर्ण, काढा आणि लुगडे ह्या चार वस्तूंचा परस्परांशी काही संबंध असेल असे आपल्या मनातही येत नाही. वनस्पतिशास्त्र सांगते की ऐन, अर्जुन, हिरडा, बेहडा आणि (हे थोडे अलीकडचे) धावडा ही पाचही झाडे एकाच प्रजातीची आहेत. त्या प्रजातीचे शास्त्रीय नाव टर्मिनॅलिया.

प्रजाती म्हणजे काय, हे दोन शब्दांत सांगतो. एकाच आईची लेकरे ती एक जात, असे समजा. अशा अनेक जवळच्या जातींचे मिळून जे घराणे होते ती प्रजाती, आणि अनेक घराण्यांचे मिळून कुल. शास्त्रीय नावाचे दोन शब्द असतात. पहिला घराण्याचा, दुसरा त्या जातीचा. आपण आडनाव मागे लावतो, शास्त्रज्ञ पुढे लावतात, एवढाच फरक. टर्मिनॅलिया हे आडनाव स्वीडनच्या लिनीअसने १७६७ साली ठेवले. लॅटिनमध्ये टर्मिनस म्हणजे शेवट. ह्या झाडांची पाने बहुधा फांदीच्या टोकाशी गर्दी करून येतात, म्हणून टर्मिनॅलिया. लिनीअससमोर जे झाड होते ते आपण शहरात रोज पाहतो. शाळेच्या पटांगणात, कचेरीच्या आवारात मजल्यामजल्यांनी फांद्या पसरणारा, पाने लाल करून गाळणारा देशी बदाम, तो ह्या घराण्याचा पहिला नोंदलेला पुरुष. तो मूळचा समुद्रकाठचा, मलायाकडील बेटांचा. आपल्या जंगलात तो आपोआप उगवत नाही. पण जंगलात जायला ज्यांना सवड नाही त्यांनी ह्या बदामाची फांदी हाती घेऊन तिचे टोक पाहावे, म्हणजे लिनीअसला काय दिसले ते कळेल.

फुलावरून ह्या झाडांना एकमेकांपासून वेगळे ओळखणे अवघड. पाच दातांची वाटीसारखी चकती, तिच्यातून बाहेर आलेले दहा केसर, खाली एकच बी धरणारा बीजकोश, सगळ्यांचे हेच. हे फुलांचे साम्य म्हणजेच त्यांच्या नात्याचा पुरावा. वेगळेपण दिसते ते फळांत. आम्ही फळे आणली आहेत. ती हातोहात मागच्या रांगेपर्यंत जाऊ द्यावी.

ही लांबट, शिरा उठलेली, सुकून टणक झालेली फळे हिरड्याची. ही गोल, मखमली करडी फळे बेहड्याची. दोन्हींत वर गर आणि आत आठळी आहे. ही फळे जनावराच्या पोटातून किंवा जनावराच्या तोंडातून प्रवास करतात. हरणे, वानरे ती खातात आणि आठळी दुसरीकडे टाकतात. आता ही पाहा, पाच पंख असलेली, कमरखासारखी दिसणारी. ही ऐनाची आणि अर्जुनाची. ह्यांत गर नाही. ह्यांना वारा नेतो, आणि अर्जुनाच्या बाबतीत नदीचे पाणी नेते. दोन्हींतला भेद बोटाने कळतो: ऐनाचा पंख रुंद असून त्यावरच्या बारीक रेषा सरळ कडेला जातात, अर्जुनाचा पंख अरुंद, कडक, आणि त्यावरच्या रेषा वरच्या बाजूला वळतात. शेवटी ही गुंडी, शर्टाच्या बटणाएवढी. हे एक फळ नव्हे, अनेक चिमुकल्या फळांचा गुच्छ आहे. प्रत्येकाला दोन पंख आणि एक चोच. हा धावडा. ह्या गुंडीने शास्त्रज्ञांना जवळजवळ दोनशे वर्षे चकविले. तिच्याकडे आम्ही पुन्हा येऊ.

बेहड्याविषयी चार शब्द अधिक बोलावेसे वाटतात, कारण तो आपल्या विदर्भाच्या वाटेवर उभा आहे. वेदकाळी द्यूताचे फासे म्हणून बेहड्याचीच फळे वापरीत. महाभारताच्या वनपर्वात नलोपाख्यान आहे. दमयंतीच्या दुसऱ्या स्वयंवराची वार्ता ऐकून ऋतुपर्ण राजा रथातून विदर्भाकडे निघाला आहे, बाहुकाच्या वेषातला नल रथ हाकतो आहे, आणि वाटेत एक बिभीतक म्हणजे बेहडा लागतो. राजा एका दृष्टिक्षेपात त्याच्या फांद्यांवरची पाने व फळे किती ते सांगतो. नलाला विश्वास बसत नाही. तो रथ थांबवून फळे मोजतो, आणि राजाचा आकडा बरोबर निघतो. मग अश्वविद्येच्या बदल्यात अक्षविद्या अशी देवाणघेवाण होते, नलाच्या अंगातला कली बाहेर पडतो आणि त्याच बेहड्यात शिरतो. तेव्हापासून बेहडा अशुभ, त्याच्या सावलीत बसू नये, अशी समजूत रूढ झाली. झाडावरची फळे न तोडता त्यांचा अंदाज बांधणे हे काम आजही वनखात्याचा मोजणीदार करतो. त्याच्या विद्येचा मूळ पुरुष म्हणून ऋतुपर्णाला मान द्यायला हरकत नाही. बेहड्याचे दैव असे की शास्त्रातही त्याच्यामागे द्यूत लागले. गेर्टनर नावाच्या जर्मन पंडिताने १७९१ साली केवळ फळावरून त्याला नाव दिले. त्याने झाड पाहिले नव्हते. तो फळांचाच अभ्यासक होता. ते नाव बेलिरिका लिहावे की बेलेरिका, ह्यावर पुढे पिढ्यान्‌पिढ्या ग्रंथांत दोन पक्ष राहिले.

हिरड्याला तसे पाहता कोणी वाईट म्हटले नाही. वैद्यांनी त्याला आईची उपमा दिली, चांभारांनी आणि पुढे विलायतेतील कातड्याच्या कारखान्यांनी त्याच्यातल्या तुरट द्रव्यासाठी त्याला उचलून धरले. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमात वनोपजाची जी यादी आहे, तीत मोहाची फुले, मोहाच्या बिया, लाख ह्यांच्या पंक्तीत हिरडा नावानिशी आहे. ह्या पाच भावांपैकी नाव घेऊन कायद्यात जाऊन बसलेला हा एकटाच. बाकीचे लाकूड ह्या एका शब्दात किंवा साल ह्या एका शब्दात गेले.

आता ऐन आणि अर्जुन. जंगलातला माणूस झाड फळावरून ओळखीत नाही. फळ वर्षातून काही दिवस असते, साल बारा महिने असते. ऐनाची साल काळपट, खोल भेगांची. ताडोबात वाटाडे तिला मगरीची पाठ म्हणतात आणि ती उपमा अगदी बरोबर आहे. ही जाड साल त्याला वणव्यातून वाचविते. अर्जुनाची साल राखाडी-पांढरी, गुळगुळीत, पातळ पापुद्रे टाकणारी. ऐन माळावर, उतारावर, सागाच्या शेजारी. अर्जुन वैनगंगा, प्राणहिता, इंद्रावती ह्यांच्या आणि लहानसहान ओढ्यांच्या काठी, अर्धी मुळे पाण्यात सोडून. ऐनाला आपल्या झाडीपट्टीत येन म्हणतात, छत्तीसगडाकडे साजा म्हणतात. गोंड समाजाचा बडा देव साजाच्या झाडात असतो. मराठीत ऐनाला सादडा आणि अर्जुनाला अर्जुनसादडा असेही म्हणतात. म्हणजे सादडा हे घराणे आणि अर्जुन हा त्यातला एक. खाली सिरोंच्याकडे गेले की भाषा तेलुगू होते. तेथे ऐन म्हणजे नल्लमद्दी, काळा मद्दी. आणि अर्जुन म्हणजे तेल्लमद्दी, पांढरा मद्दी.

श्रोतेहो, ह्या नावांकडे नीट पाहावे. एक सामाईक शब्द घराण्याचा, एक विशेष शब्द व्यक्तीचा. लिनीअसने जगाला जी दोन शब्दांची पद्धत दिली, तीच पद्धत प्राणहितेच्या काठच्या लोकांनी आपल्या गरजेपुरती आधीच चालविलेली होती. काळ्या आणि पांढऱ्या सालींच्या, वेगवेगळ्या जागी वाढणाऱ्या दोन झाडांना त्यांनी भाऊ ठरविले. त्यांना कोणी सूक्ष्मदर्शक दिलेला नव्हता.

ह्या भाऊपणाची शास्त्रात जी नोंद झाली तीही तेलुगू मुलखातूनच झाली, असे म्हणता येईल. विल्यम रॉक्सबर्ग हा स्कॉटलंडचा डॉक्टर कंपनीच्या चाकरीत मद्रासेकडे आला, आंध्रात सामलकोट येथे बाग करून राहिला आणि १७९३ साली कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचा प्रमुख झाला. त्याने पाच पंखांची ही फळे पाहून ऐन-अर्जुनांची वेगळी प्रजाती कल्पिली आणि तिचे नाव पेंटॅप्टेरा, म्हणजे पंचपंखी, असे ठेवले. हिरडा-बेहडा मात्र लिनीअसच्या टर्मिनॅलियात. रॉक्सबर्गची ही नावे त्याच्या मृत्यूनंतर १८२८ साली द कांदोल ह्यांच्या मोठ्या ग्रंथात रीतसर छापली गेली. पण सहाच वर्षांनी, १८३४ साली, वाइट आणि आर्नट ह्या जोडीने पंचपंखीचे घर मोडून ऐन-अर्जुनांना टर्मिनॅलियात आणले. त्यांचे म्हणणे असे की फळाला पंख फुटले म्हणून घराणे बदलत नाही. फूल एक तर घराणे एक. आम्हाला हा निवाडा पटतो.

परंतु ऐनाचा जीव त्यामुळे सुटला नाही. झाड एकच, पण त्याचे नमुने वेगवेगळ्या पंडितांच्या हाती पडले. १८०६ साली बर्लिनच्या विल्डेनॉवने त्याला एलिप्टिका म्हटले. १८२१ साली रोटने एका नमुन्याला अलाटा आणि दुसऱ्याला क्रेन्युलाटा म्हटले. रॉक्सबर्गचे टोमेंटोजा, म्हणजे लवदार, हे नाव वाइट-आर्नटनी उचलले आणि तेच सर्वांच्या तोंडी बसले. पुढे १८७८ साली हूकरच्या ब्रिटिश हिंदुस्थानच्या वनस्पतिग्रंथात क्लार्कने ऐनाची एकच जात आणि तिचे प्रकार अशी मांडणी केली. १९३६ च्या सुमारास डेहराडूनच्या पार्किन्सनने पुन्हा पाने, लव, पंखांची कड तपासून एकाच्या तीन जाती केल्या. आता अलीकडच्या बहुतेक याद्यांत, आधी दिलेले नाव खरे ह्या नियमाने, विल्डेनॉवचे एलिप्टिका दिसते. विद्यार्थ्याने तीन पुस्तके उघडली तर त्याला ऐनाची तीन नावे मिळतात. ह्या वादात आमचा कल क्लार्ककडे आहे. एकाच टेकडीवर कोवळेपणी लवदार आणि जून झाल्यावर गुळगुळीत पाने असणारी झाडे शेजारीशेजारी उभी असताना त्यांच्या तीन जाती कराव्या, हे आमच्या मनाला मानवत नाही. ह्या सगळ्या उलाढालीत चांद्याचे जंगल कोठे होते, असे कोणी विचारील. तर जंगल जागेवरच होते, पुस्तकात नव्हते. थिओडोर कुकने १९०१ ते १९०८ च्या दरम्यान जो प्रसिद्ध वनस्पतिग्रंथ लिहिला तो मुंबई इलाख्याचा, आणि चांदा तेव्हा मध्यप्रांतात.

आता धावड्याची गुंडी. धावडा हा पांढुरक्या सालीचा, थंडीत पाने तांबूस करणारा, लाकडाने चिवट. कुऱ्हाडीचा दांडा आणि बैलगाडीचा आस धावड्याचा असावा, असे शेतकरी सांगत आला. त्याचे फळ ह्या भावांपैकी कोणासारखेच नव्हते, म्हणून एकोणिसाव्या शतकात त्याला ॲनोगाइसस ह्या स्वतंत्र घराण्यात ठेवले गेले आणि आमच्यासारख्यांनी ते पाठ केले. पुढे वनस्पतींच्या पेशींतील आनुवंशिक द्रव्य वाचण्याची सोय झाली. ते वाचून पाहता असे निघाले की धावडा हा टर्मिनॅलियाचा शेजारी नाही; तो त्या घराच्या आतल्या खोलीत जन्मलेला आहे. काही टर्मिनॅलिया दुसऱ्या टर्मिनॅलियांपेक्षा धावड्याला अधिक जवळच्या होत्या. असे झाले की दोनच मार्ग उरतात: घराण्याच्या वाटण्या करून अनेक चुली मांडायच्या, नाहीतर वेगळ्या राहणाऱ्या भावाला घरात घ्यायचे. २०१७ साली मोरिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुसरा मार्ग धरला आणि धावड्याला टर्मिनॅलियात आणले.

येथे एक गंमत झाली. धावड्याचे जातिनाम होते लॅटिफोलिया, रुंदपानी. परंतु टर्मिनॅलियात त्या नावाचे एक झाड जमैका बेटावर आधीच होते. एका घरात एकाच नावाचे दोघे चालत नाहीत. म्हणून धावड्याला नवे नाव द्यावे लागले, आणि ते दिले टर्मिनॅलिया ॲनोगाइसियाना. जुने आडनाव नव्या नावात राखून ठेवले. सासरी आलेल्या मुलीने माहेरचे नाव मध्ये ठेवावे तसेच हे झाले. जुनी माणसे कुरकुरतात. वनखात्याच्या पाट्यांवर अजून जुनेच नाव आहे. आम्हाला ह्यात राग येण्यासारखे काही दिसत नाही. नाव बदलले कारण नाते कळले.

आपल्यापैकी कोणी मनात म्हणत असेल की हे पंडितांचे भांडण झाले, ह्याने जंगलाचे काय बरेवाईट होते? प्रश्न योग्य आहे. ह्या वर्गीकरणाने फारसे काही होत नाही. पण ह्याच झाडांचे आणखी एक वर्गीकरण आहे, आणि त्याने सर्व काही होते. ते कोणत्याही ग्रंथात नाही. ते पाहायचे तर बल्लारपूरच्या किंवा आलापल्लीच्या लाकूड आगारात जावे. तेथे लिलावाला लागलेल्या मालाचे मुख्य भाग दोन: साग आणि आडजात.

आडजात हा शब्द ऐकून आपण सरावलो आहो. साग नाही ते आडजात. त्यात ऐन आहे, धावडा आहे, अर्जुन आहे, बेहडा आहे, आणि त्यांच्याशी काडीचे नाते नसलेली रोहन, बिजा, हळदू, कळंब हीही आहेत. वनस्पतिशास्त्र नात्यावरून वर्ग करते, झाडीपट्टीचा माणूस सालीवरून आणि जागेवरून करतो, वैद्य गुणावरून करतो; आडजात हा एकच वर्ग असा आहे की जो झाडात काय आहे ते सांगत नाही, काय नाही ते सांगतो. विलायती व्यापाऱ्यानेसुद्धा ऐनाला एवढे हिणविले नव्हते; त्याच्या काळपट रेघांच्या लाकडाला भुलून त्याने त्याला इंडियन लॉरेल असे भारी नाव दिले, जरी खऱ्या लॉरेलशी ऐनाचे काहीही नाते नाही.

सागाचा मान आम्ही नाकारीत नाही. अहेरी-आलापल्लीच्या सागाला तोड नाही. २०२३ साली अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी येथूनच साग वाजतगाजत गेला, आणि त्याचा अभिमान आम्हालाही आहे. प्रश्न असा की एका झाडाच्या किमतीने बाकीच्या सगळ्यांचे नाव पुसले तर पुढे काय होते. ब्रिटिश अमलापासून ह्या जंगलाच्या कार्य-आयोजना सागाभोवती आखल्या गेल्या. १९७४ साली महाराष्ट्र वनविकास महामंडळ स्थापन झाले, आणि कमी किमतीचे मिश्र जंगल साफ तोडून त्या जागी सागाची लागवड करणे हे त्याचे मोठे काम ठरले. कमी किमतीचे म्हणजे कोणते? अर्थात आडजातीचे. कागदावर ऐन हे ऐन म्हणून लिहिलेले असते तर तोडणाऱ्याला निदान विचार करावा लागला असता की हे कोणाच्या उपयोगाचे आहे. शब्दाने विचार वाचविला.

ते कोणाच्या उपयोगाचे आहे, हे आरमोरीकडे गेल्यावर कळते. त्या भागातील ढिवर समाजाचे लोक नदीत मासेमारी करतात, तलाव राखतात, आणि पावसाळा सुरू झाला की ऐनावर कोसा पिकवितात. आम्ही पिकवितात म्हणतो, कारण ही शेतीच आहे. फक्त शेत म्हणजे जंगल. पतंगाची अंडी आणून उबवितात, मुंगीएवढ्या अळ्या ऐनाच्या कोवळ्या पाल्यावर सोडतात. अळी चार वेळा कात टाकते आणि वाढता वाढता बोटाएवढी जाड, हिरवीगार होते. एका झाडाचा पाला संपला की अळ्यांसह फांद्या तोडून दुसऱ्या झाडावर नेऊन ठेवायच्या. मुंग्या, गांधीलमाशा, पाखरे, माकडे ह्यांच्यापासून राखण करायची. पाखरांसाठी गोफण आणि गुलेर घेऊन माणूस पहाटेपासून झाडाखाली उभा. शेवटी अळी पानांच्या आडोशाला एक कडक देठ विणते, तो फांदीला वेढून घेते, आणि त्याला लोंबणारे अंड्यासारखे कोसले करते. वर्षात दोन, कधी तीन पिके. कोष्ट्यांच्या मागावर त्याचे कापड होते.

ह्या किड्याचेही एक वर्गीकरण आहे. त्याला ऐन आणि अर्जुन दोन्ही चालतात. झारखंडात तो सालवृक्षावरही वाढतो, आणि साल तर अगदी परक्या कुळातला; त्यामुळे किड्याला वनस्पतिशास्त्री म्हणता येणार नाही. पण हिरड्या-बेहड्यावर त्याची शेती होत नाही. पंचपंखी तेवढे त्याचे. रॉक्सबर्गची मोडलेली प्रजाती किड्याने अजून मोडलेली नाही, असे आम्ही थट्टेने म्हणतो.

तर ह्या कोसा पिकविणाऱ्याला ऐन हवा, तोही उभा, छाटलेला, दरवर्षी कोवळा पाला देणारा, गावाजवळ, एका ठिकाणी पुष्कळ. आगाराला ऐन हवा तो आडवा. दोघांचे म्हणणे एकाच झाडाविषयी आहे आणि झाड एकदाच तोडता येते.

ह्यात कायदा काय म्हणतो? २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजाची व्याख्या केली. तीत बांबू आहे, तेंदूपाने आहेत, मध, मेण, लाख आहे, औषधी वनस्पती आहेत, आणि टसर व कोसलेही नाव घेऊन आहेत. म्हणजे कोसल्यावर गावाचा हक्क आहे. मात्र कोसले ज्या फांदीला लोंबते ती फांदी लाकूड आहे आणि लाकूड गौण वनोपजात येत नाही. कायद्याने फळ दिले, झाडाचा निर्णय मोकळा ठेवला. तरीही त्याच कायद्यात सामूहिक वनाचे रक्षण आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क ग्रामसभेला दिला आहे. धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा ह्या गावाने २००९ साली सुमारे अठराशे हेक्टरांवर तो मिळविला, आणि पुढे गडचिरोली जिल्ह्यातील शेकडो गावांनी तो मिळविला. जेथे ग्रामसभा स्वतःचे जंगल स्वतः मोजते तेथे यादीत आडजात लिहिण्याचे कारण उरत नाही. मोजणाऱ्याला येन ठाऊक असतो, धावडा ठाऊक असतो, कोणत्या ओढ्याला अर्जुन किती हेही ठाऊक असते.

कायद्यातला एखादा वर्ग चुकीचा असला तर तो दुरुस्त होतो का, अशी शंका येईल. होतो, परंतु वेळ लागतो. बांबू हे गवत आहे, हे शाळेतल्या मुलाला ठाऊक. १९२७ च्या वन अधिनियमात मात्र तो झाडांच्या व्याख्येत बसविलेला होता, आणि त्यामुळे शेतकऱ्याला स्वतःच्या बांधावरचा बांबूही परवान्याशिवाय नेणे कठीण. मेंढ्याच्या लोकांना आपला बांबू विकण्यासाठी वाहतूक परवान्याचे पुस्तक २०११ साली मिळाले, तेही केंद्रीय मंत्री गावात आल्यावर. अधिनियमातून बांबूचे झाडपण निघाले २०१७ च्या अखेरीस. म्हणजे ज्या वर्षी धावडा पंडितांच्या दप्तरी टर्मिनॅलिया झाला, त्याच वर्षी बांबू सरकारच्या दप्तरी झाड असण्याचा संपला. पहिल्या बदलाने कोणाच्या घरची चूल पेटली नाही की विझली नाही. दुसऱ्यासाठी नव्वद वर्षे लागली.

आडजात हा शब्द तर अधिनियमातलाही नव्हे. तो आगाराच्या वहीतला आहे. तो काढायला संसदेत जावे लागत नाही. लिलावाच्या पत्रकात आणि तोडीच्या आराखड्यात जातवार नावे व आकडे द्यावेत, आणि कोसा पिकविणाऱ्या गावांजवळचे ऐनाचे पट्टे तोडीतून वगळावेत, एवढे झाले तरी पुष्कळ. सागाला त्यात तोटा नाही. मिश्र जंगलात साग वाढतो तो ऐन-धावड्यांच्या सोबतीनेच, हे वनखात्याच्या जुन्या लोकांना आमच्यापेक्षा चांगले कळते.

एक विनंती आहे. २०२४ च्या मार्चमध्ये गोदावरीच्या खालच्या अंगाला, आंध्रातील पापीकोंडा राष्ट्रीय उद्यानात, नल्लमद्दीच्या म्हणजे ऐनाच्या खोडावरच्या फुगवट्याला कुऱ्हाड लावताच पाण्याची धार उडाली, अशी चित्रफीत सर्वत्र फिरली. गोष्ट खरी आहे. काही ऐन खोडात पाणी साठवितात आणि जंगलात राहणाऱ्यांना ते ठाऊक असते. पण सगळेच ऐन साठवीत नाहीत, आणि कोणते साठवितात हे शोधायला शहरातल्या माणसाने कुऱ्हाड घेऊन निघू नये. फुगवटा दिसला तर हात लावून पाहावे आणि पुढे जावे.

येत्या पावसाळ्याच्या तोंडाला ऐन फुलेल. अर्जुन ह्या दिवसांतच फुलला आहे; नदीकाठी गेलात तर सायंकाळी त्याच्या तुऱ्यांचा उग्रमधुर वास येईल आणि माश्यांची गुणगुण ऐकू येईल. धावडा सर्वांत मागून फुलतो. फळे हिंडून परत आली असल्यास ती येथे ठेवावी. ज्यांना बेहड्याचे फळ घरी न्यायचे असेल त्यांनी खुशाल न्यावे, कलीची भीती नसली तर.